कोंबड्या आणि बदकं एकत्र खाऊ घालताय? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की आमच्या कुडाळकडे बदकांची हौस उगवते. दारात गावठी कोंबड्या असतातच, त्यात खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची पिल्लं येतात आणि सगळ्यांची रवानगी एकाच खुराड्यात, एकाच ताटावर. एकत्र पाळायला माझी हरकत नाही, मीही पाळतो. पण त्यानंतरचे फोन दरवर्षी तेच.

पहिला फोन हमखास पायांचा. "काका, बदकांच्या पिल्लांवरून वारं गेलं!" पलीकडच्या वाडीतल्या एका पोराने असंच घाईघाईने बोलावून नेलं होतं. पिल्लं टोपलीत बसलेली. उठवली की दोन पावलं टाकून पुन्हा बसायची. सांधे सुजलेले, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. आईचं तेल चोळून झालं होतं, कुणाच्या तरी सल्ल्याने पाण्यात अँटिबायोटिकही पडलं होतं. शेजारी त्याच वयाची कोंबडीची पिल्लं टणाटण उड्या मारत होती, म्हणून खाण्याचा संशयच कुणाला आला नाही. विचारलं, घालतोस काय? तांदळाची कणी आणि मक्याचा भरडा.

रोग तिथेच होता. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लाच्या दीडपट ते दुप्पट लागतं. किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम. ते स्वतःच्या अंगात तयार करण्यात बदक कच्चं. पॉलिश तांदळात नायसिन थोडंच, आणि मक्यातलं बहुतेक पोटात सुटतच नाही. त्याच ताटावर कोंबडीचं निभावतं, बदकाचे पाय जातात.

मी चिक स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांचं तयार खाद्य आणतो, औषध न मिसळलेलं, आणि किलोमागे ५० ते ७५ ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवायच्या यीस्टची वाळवलेली पूड) मिसळून सगळ्यांनाच घालतो. कोंबडीच्या पिल्लांना त्याचा त्रास नाही. पाव फुगवायचं यीस्ट नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं. "व्हिटॅमिनची बाटली चालू आहे की!" म्हणणाऱ्यांनी आधी लेबल वाचावं. बऱ्याच बाटल्यांत ए, डी-३, ई आणि बी-१२ एवढंच असतं. त्या पोराची बरीचशी पिल्लं आठवड्याभरात उभी राहिली. ज्यांचे पाय पक्के वाकले होते, ती तशीच फरपटत राहिली.

दुसरा गोंधळ पाण्याचा. बदक एक घास खातं, पाण्याकडे पळतं, पुन्हा घास. पाणी नसेल तर कोरडा मॅश, म्हणजे भरडलेलं खाद्य, घशात अडकतो. शिवाय नाकपुड्या धुता येतील एवढी चोच पाण्यात बुडायला हवी. म्हणून लोक खुराड्यात घमेलं ठेवतात. मग त्यात कोंबडीचं पिल्लू बुडतं, किंवा बदकं घमेल्यातच ठाण मांडतात आणि संध्याकाळपर्यंत खालच्या तुसाचा चिखल होतो. ओल्या तुसात कॉक्सी (कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग) फोफावते, कोंबडीची पिल्लं रक्ताची शी करायला लागतात आणि दोष येतो दुकानदाराच्या खाद्यावर.

माझ्याकडे कोंबड्यांचं पाणी विटांवर, त्यांच्या पाठीच्या उंचीला. बदकांचं घमेलं बाहेर, जाळीवर, जाळीखाली खड्डा. पिल्लं लहान असेपर्यंत घमेल्यात दगड टाकतो. रात्री पाणी उचललं की खाद्यही उचलतो. बदकांचा मॅश मुठीत वळेल इतपतच ओला करतो आणि थोडाथोडा घालतो. आमच्या दमट हवेत सकाळचा मॅश दुपारपर्यंत आंबतो. हे रोज करायचा कंटाळा असेल तर बदकं आणूच नयेत.

वजन लवकर यावं म्हणून बदकांना शेवटपर्यंत ब्रॉयलरचं खाद्य घालू नका. पंख बाहेर वळतात आणि तसेच राहतात. तीनेक आठवड्यांनंतर प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास आणा. खारवलेली सुकी मासळी कुटून घालू नका, मीठ पिल्लांना मारतं. बिनमिठाची सुकट उत्तम.

बुरशी आलेली शेंगदाणा पेंड किंवा मका उन्हात वाळवून घालणारे महाभाग आहेत. बुरशी झटकली जाते, तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष जात नाही, शिजवूनही नाही. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की मेल्या त्या अशाच पेंडीने, आणि बदकाचं पिल्लू या विषाला फारच हळवं. पोतं उकिरड्यात टाका. गाईलाही नको, विष दुधात उतरतं.

आणि पहिलं अंडं दिसायच्या आत लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, नको. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के, वाढत्या पिल्लाला एक टक्का पुरे. जास्तीने मूत्रपिंडं निकामी होतात. लहान-मोठी एकत्र असतील तर सगळ्यांना साधं खाद्य घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, अंडी घालणारी मादी स्वतःच जाऊन खाते. शिंपल्या गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, कुटायच्या. समुद्र तासाभरावर असताना लोक त्याची पाकिटं का विकत आणतात, देव जाणे.