कामावर इजा झाली, भरपाईवरून वाद आहे: दावा लावण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी पगारपत्रक काढून त्यावर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात आहे का ते बघा. असेल, तर मालकाविरुद्ध भरपाईचा दावा चालत नाही. त्या योजनेचा रस्ता वेगळा: काम बंद आहे तोवर पगाराच्या ९० टक्के दराने भत्ता, आणि कायमचं अपंगत्व ठरवायला वैद्यकीय मंडळ. मालकाने कपात करून पैसे भरलेच नसतील, तरी कामगार विमेदारच ठरतो. ईएसआय लागूच नसेल, तर पुढचं सगळं कामाचं आहे. अपघाताची तारीखही आत्ताच लिहून ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा तिच्यात गेला. अपघात त्याआधीचा असेल तर अर्ज जुन्या कायद्याखाली लागतो.

मग दवाखान्याचे कागद. पहिल्या दिवसाचा केस पेपर मिळवा आणि त्यातली एकच ओळ नीट वाचा: इजा कशी झाली. जखमी माणूस शुद्धीवर नसतो, माहिती सोबत आलेला मुकादम देतो, आणि कागदावर ‘घरी पडून’ किंवा ‘गाडीवरून पडून’ असं चढतं. हीच ओळ पुढे विमा कंपनीचा वकील वाचून दाखवतो. चुकीचं लिहिलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात रुग्णालयाला दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एमएलसी नोंद (अपघाती इजेची रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेली नोंद), डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणं आणि औषधांची मूळ बिलं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचाच असतो आणि तो भरपाईतून वजा होत नाही. ‘ऑपरेशनचे पैसे भरले, आता हिशोब मिटला’ हे म्हणणं कायद्यात बसत नाही.

तिसरा गठ्ठा नोकरीच्या पुराव्याचा. ठेकेदाराकडचे कामगार इथेच अडकतात, कारण अपघातानंतर हजेरीपटावरून नाव गायब होतं. गेटपास, ओळखपत्र, बँकेत जमा झालेला पगार, फोनवर आलेले ड्यूटीचे मेसेज, सोबतच्या दोघा-तिघांची नावं आणि पत्ते, जे मिळेल ते जमवा. ठेकेदार हात वर करतो म्हणून घाबरू नका. काम ज्या मुख्य मालकाच्या धंद्याचा भाग होतं त्याच्याकडूनही भरपाई मागता येते, म्हणून अर्जात दोघांना सामील करा. कामगारांच्या भरपाईची पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही.

वयाचा पुरावा किरकोळ वाटतो, पण पैसा त्यावर हलतो. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम म्हणजे महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, म्हणजे वयानुसार कायद्यात ठरलेला आकडा. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. पूर्ण वय ३० असेल तर गुणक २०७.९८. अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के, म्हणजे ९,००० (१५,००० चे ६० टक्के) गुणिले २०७.९८, त्याचे ३० टक्के: ५,६१,५४६ रुपये. आधारवर चुकून ३५ वय पडलं असेल तर गुणक १९७.०६ होतो आणि २९,४८४ रुपये कमी हातात येतात. त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला शोधा आणि दोन कागदांवर दोन जन्मतारखा असतील तर दावा दाखल करण्याआधीच हा घोळ निस्तरा.

खरी लढाई टक्क्यांची असते. परिशिष्टात नावानिशी असलेल्या इजांना आकडा ठरलेला आहे: तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, करंगळी ७. मोडलेला मणका, आखडलेला खांदा, नस तुटून बधिर झालेला हात, यांचा आकडा तिथे नाही. तिथे डॉक्टरांनी कमाईची क्षमता किती घटली ते सांगायचं असतं, आणि इथेच बहुतेक दावे कमकुवत होतात. सरकारी अपंगत्वाचा दाखला अवयवाचे टक्के सांगतो. माणसाचा धंदा गेला का, हे त्यात नसतं. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या सुताराचं प्रकरण होतं. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के धरलं गेलं. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना कामाचं वर्णन लिहून न्या: किती किलो उचलायचं, शिडी चढायची का, दोन्ही हात लागतात का, किती तास उभं राहायचं. ‘हे काम हा माणूस आता करू शकतो का’ याचं उत्तर दाखल्यात लेखी घ्या, आणि हे डॉक्टर साक्षीला येतील का तेही आधीच विचारा. डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं नाही तर दाखल्यावर विसंबणं धोक्याचं. मालकाने फुकट तपासणीला बोलावलं तर जरूर जा; कारण नसताना नकार दिला तर जाईपर्यंत हक्क थांबतो. तिथे निघालेल्या निष्कर्षाची प्रत मागून घ्या.

मालकाला नोटीस साध्या भाषेत लिहा: नाव, पत्ता, तारीख, इजा कशी झाली. पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

या काळात कोणी ‘ही रक्कम घे, इथे सही कर’ म्हणून कागद पुढे करेल. घरात चूल पेटत नसताना ती सही टाळणं फार कठीण असतं, हे आम्हाला कळतं. तरी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने बाद ठरतो, पण तो बाद ठरवून घ्यायला महिने जातात. मालक काही रक्कम मान्य करत असेल तर तेवढी भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात आयुक्त) जमा करा असं लेखी सांगा. उरलेल्या रकमेचा दावा त्याने बुडत नाही.

दावा अपघाताच्या ठिकाणी, कामगार राहतो तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे लावता येतो, म्हणून गावी परतलेल्याने दर तारखेला शहरात खेपा घालायची गरज नाही. अर्जाच्या शेवटी मूळ रकमेबरोबर १२ टक्के व्याज आणि महिनाभरात पैसे न दिल्याबद्दल ५० टक्क्यांपर्यंतचा दंड, या दोन मागण्या वेगवेगळ्या ओळींवर स्पष्ट लिहा.