डोक्याला बसलेला मुका मार: दुचाकी अपघातानंतरचे उपचार, कागदपत्रे आणि नुकसानभरपाई

दुचाकीवरून पडलेला माणूस पुष्कळदा स्वतःच उठून उभा राहतो, कपडे झटकतो आणि ‘काही नाही, मुका मार आहे’ असे सांगून घरी जातो. हातपाय धड असतात, रक्त आलेले नसते, आणि सीटी स्कॅन काढलाच असेल तर त्यावर ‘नॉर्मल’ असा शेरा असतो. दुसऱ्या दिवसापासून मात्र डोके ठणकू लागते, उजेड आणि आवाज सहन होत नाहीत, चालताना तोल जातो, हातातले काम विसरायला होते आणि घरातल्यांवर विनाकारण चिडचिड होऊ लागते. मेंदूला बसलेल्या या हादऱ्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. माझ्या धाकट्या भावाच्या अपघातानंतर तीन आठवडे टिकलेली भोवळ आणि विसराळूपणा आम्ही ‘धक्का बसलाय, होईल बरा’ असे म्हणून सोडून दिला, आणि पुढे दाव्याच्या वेळी त्या तीन आठवड्यांचा एकही कागद आमच्याजवळ निघाला नाही. म्हणून या दुखापतीत काय, कधी आणि कोणाकडून लिहून घ्यायचे, हे येथे सविस्तर मांडत आहे.

आधी प्रकृतीविषयी. डोके एकदम थांबते किंवा गरकन वळते, तेव्हा कवटीच्या आतला मेंदू हेलकावतो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. अपघाताच्या आगेमागची काही मिनिटे आठवत नसणे हेही तितकेच महत्त्वाचे लक्षण आहे. सीटी स्कॅन काढतात तो रक्तस्राव किंवा कवटीचे हाड मोडले आहे का हे पाहण्यासाठी, त्यामुळे तो नॉर्मल येण्याचा अर्थ एवढाच की या दोन गोष्टी त्यात दिसल्या नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण विमा कंपनीचा वकील पुढे याच नॉर्मल स्कॅनवर बोट ठेवणार असतो.

पहिले दोन दिवस माणसाला एकटे ठेवू नये. वारंवार उलट्या, वाढत जाणारी गुंगी, झटका, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, बोलणे असंबद्ध होणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव येणे यांपैकी काहीही दिसले तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि वयस्करांनी तर लक्षणे नसतानाही तपासून घ्यावे, कारण त्यांच्यात कवटीखालचा रक्तस्राव हळूहळू, कधी कधी काही आठवड्यांनीही वाढतो. डोकेदुखीसाठी स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. एकदोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू नेहमीची कामे सुरू करता येतात. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याने फायदा होत नाही. दुचाकी मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय हाती घेऊ नये, कारण पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर तो फार महागात पडतो.

आता कागदांकडे वळू. रुग्णालयात पोचताच हा रस्ते अपघात आहे असे स्पष्ट सांगावे, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवली जाणारी रुग्णालयाची नोंद) नोंदवली जाते. केसपेपरवर वाहनाचा प्रकार, अपघाताची वेळ आणि जागा यांच्याबरोबर किती वेळ शुद्ध नव्हती, काय आठवत नाही, उलटी झाली का, भोवळ येते का हे सर्व लिहून घ्यावे. गडबडीत डॉक्टर फक्त दिसणारी जखम लिहितात, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही; पण ‘डाव्या गुडघ्याला खरचटले आहे’ एवढ्याच नोंदीवर मेंदूच्या दुखापतीचा दावा उभा राहत नाही. डिस्चार्ज कार्डावर डोक्याच्या दुखापतीचे निदान आणि पुन्हा तपासणीची तारीख आहे का, हे दाराबाहेर पडण्यापूर्वी वाचून पाहावे. पैशांची अडचण असेल तर केंद्र सरकारच्या मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेचा उपयोग होऊ शकतो: रस्ते अपघातातील जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत १ लाख ५० हजार रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची त्यात तरतूद आहे.

पोलिसांना जबाब देताना एक अडचण हमखास येते. ज्याच्या डोक्याला मार बसला आहे त्याला नेमका तो क्षणच आठवत नसतो, आणि मग तो लोकांकडून ऐकलेली हकीकत स्वतःची म्हणून सांगून टाकतो. असे करू नये. ‘चौक ओलांडेपर्यंतचे आठवते, त्यानंतर रुग्णालयातले आठवते’ हे खरे असेल तर तसेच लिहून द्यावे. मधली पोकळी घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदार आणि सीसीटीव्ही यांनी भरून काढायची असते. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून घरातल्या कोणीतरी पहिल्या दोनतीन दिवसांतच ते मागावे आणि पोलिसांनाही त्याविषयी लेखी कळवावे. फुटलेले किंवा चरा पडलेले हेल्मेट टाकून देऊ नये. ते पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही, पण डोके कुठे आणि किती जोरात आपटले याचा तो बोलका पुरावा असतो, आणि हेल्मेट घातलेच नव्हते या आरोपालाही ते उत्तर देते. समोरचा माणूस ‘जागेवरच मिटवू’ म्हणत पाचदहा हजार रुपये पुढे करील. या दुखापतीची खरी किंमत त्या क्षणी कोणालाच कळलेली नसते, म्हणून कोणत्याही कागदावर सही करू नये.

त्यानंतरचे काम रोजनिशीचे आहे, आणि माझ्या मते सगळ्या दाव्याचा कणा तेच आहे. ते जखमी माणसावर सोपवून चालत नाही, कारण विसराळूपणा हीच त्याची तक्रार असते. पत्नीने, आईने, भावाने, जो रोज सोबत असेल त्याने एका वहीत तारीख घालून दोनतीन ओळी लिहाव्यात: आज किती तास झोप लागली, गॅस चालू राहिला का, दुकानातला हिशेब किती वेळा चुकला, मुलाच्या अभ्यासाच्या आवाजाने डोके धरून बसावे लागले का. अशी वही स्वतःहून काही सिद्ध करीत नाही; पण प्रत्येक तपासणीत ती डॉक्टरांपुढे ठेवली की तिच्यातल्या तक्रारी केसपेपरवर उतरतात, आणि तारखेनिशी उतरलेली तक्रार खोडून काढणे अवघड असते. बहुतेक प्रौढांना काही आठवड्यांत बरे वाटते. महिना उलटूनही लक्षणे टिकली तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे आणि स्मरणशक्ती व एकाग्रता मोजणारी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घेता येईल का ते विचारावे. स्कॅनमध्ये न दिसणारी उणीव या चाचणीत आकड्यांत दिसू शकते.

एका कायदेशीर बारकाव्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही. नॉर्मल स्कॅन पाहून दुखापतीच्या दाखल्यावर ‘साधी दुखापत’ असे लिहिले जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे मात्र ज्या दुखापतीमुळे माणसाला १५ दिवस तीव्र वेदना होतात किंवा तेवढे दिवस आपले नित्याचे व्यवहार करता येत नाहीत, ती ‘गंभीर दुखापत’ ठरते. जुन्या दंड विधानात ही मुदत २० दिवसांची होती. तेव्हा तीन आठवडे कामावर जाता आले नसेल, तर डॉक्टरांनी दिलेला रजेचा दाखला आणि मालकाचे पत्र जोडून दुखापतीच्या वर्गवारीचा फेरविचार करण्याची लेखी विनंती करावी. याला महत्त्व आहे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे, आणि साध्या दुखापतीला ती लागू नाही. सावधगिरी एवढीच की विमा कंपनीमार्फत ही रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. दुखणे लांबण्याची शक्यता असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

मोठा दावा म्हणजे कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे केलेला अर्ज. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्याच्या निकालाच्या आशेवर राहू नये. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करावा, उपचाराचे उरलेले कागद नंतर जोडता येतात. अपघात जिथे घडला, अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज करता येतो, त्यामुळे पुण्यात अपघात झालेल्या साताऱ्याच्या माणसाला तारखांसाठी पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, याची चौकशी करीत राहावे.

दावा धडक देणाऱ्या वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध असतो. स्वतःच्याच चुकीने घसरून पडलेल्या चालकाला कलम १६६ खाली स्वतःच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. मागे बसलेल्याची स्थिती वेगळी आहे: गाडीला सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर त्याला संरक्षण मिळते, नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर त्या गाडीच्या विमा कंपनीवर सहसा जबाबदारी येत नाही. हेल्मेट नव्हते म्हणून समोरच्याचा निष्काळजीपणा पुसला जात नाही, मात्र डोक्याच्या दुखापतीत त्या कारणाने रक्कम कमी करण्याचा युक्तिवाद होणारच, हे धरून चालावे.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर हिट अँड रन योजनेखाली गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, आणि त्यासाठी प्रांताधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करायचा असतो. खड्ड्यामुळे पडलेल्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये महत्त्वाचा आदेश दिला: खड्डे किंवा उघडी गटारे यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. अशा वेळी त्याच दिवशी खड्ड्याचे फोटो काढावेत, कारण तक्रार झाल्यावर तो एका रात्रीत बुजवला जाऊ शकतो.

रक्कम ठरते ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालातील तत्त्वांवर. उपचार, औषधे, प्रवास, पोषक आहार, बुडालेली कमाई, पुढचा वैद्यकीय खर्च, वेदना आणि जगण्यातला गमावलेला आनंद यांचा विचार त्यात वेगवेगळा होतो. कायमचे अपंगत्व असेल तर डॉक्टरांनी दिलेला टक्का जसाच्या तसा घेतला जात नाही. त्या माणसाच्या कामावर त्याचा किती परिणाम झाला, हे पाहिले जाते. डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण थांबू शकते, कारकुनाची तशी थांबत नाही, असे उदाहरण त्याच निकालात आहे. भोवळीचेही तसेच आहे. टेबलावर बसून काम करणारा तिच्यासह नोकरी निभावून नेईल, परांचीवर उभा राहून इमारत रंगवणाऱ्याला मात्र काम सोडावे लागेल. म्हणून आपले काम नेमके काय होते, त्यात उंची, यंत्र, वाहन किंवा पैशांचा हिशेब होता का, हे अर्जात तपशिलाने लिहावे.

हिशेबाची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेऊ. वय ३४, महिन्याची स्वतःच्या धंद्यातली कमाई २० हजार रुपये आणि कमाईच्या क्षमतेत १० टक्के कायमची घट. वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवून ३ लाख ३६ हजार, त्याचे १० टक्के म्हणजे ३३ हजार ६००, आणि या वयाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) १६ असल्याने ५ लाख ३७ हजार ६०० रुपये. उपचारखर्च आणि वेदनांची भरपाई याहून वेगळी. कायमची घट नसेल, आणि कन्कशनच्या बहुतेक रुग्णांत ती नसतेच, तर दावा बुडालेली मजुरी, खर्च आणि वेदना एवढ्यापुरताच राहतो. तिथे फुगवून मागितल्यास उरलेल्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो. मेडिक्लेममधून बिले भागली असली तरी ती अर्जातून वगळू नयेत, कारण मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

शेवटचा टप्पा साक्षीचा आहे. अपंगत्वाचा दाखला नुसता जोडून भागत नाही. तो देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष न्यायाधिकरणापुढे व्हावी लागते, आणि मोठ्या शहरातल्या व्यग्र तज्ज्ञांना त्यासाठी वेळ काढणे कठीण जाते. म्हणून उपचार चालू असतानाच त्यांना विचारून ठेवावे, आणि वकिलामार्फत समन्स किंवा कमिशनद्वारे (म्हणजे नेमलेल्या अधिकाऱ्याने न्यायाधिकरणाबाहेर) साक्ष नोंदवण्याची विनंती वेळेत करावी. उलटतपासणीत ‘तुमचा स्कॅन नॉर्मल होता ना?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारला जाईलच. त्या वेळी त्यांच्या हातात पहिल्या दिवसापासूनचा सलग केसपेपर, चाचणीचा अहवाल आणि रजेचे दाखले क्रमाने लावलेले असावेत. या फायलीची एक प्रत साक्षीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्याकडे नेऊन द्यावी.