पगार झाला की आधी काय करायचं? ख्रिस्ती घरातला पैशाचा कारभार

चर्चमध्ये पैशावर बोलणं होतं ते बहुतेक दशांशावरच, उरलेल्या नव्वद टक्क्यांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. बायबलमधलं स्तोत्र 24 तर म्हणतं पृथ्वी आणि तिच्यातलं सगळंच परमेश्वराचं, म्हणजे सॅलरी अकाउंट, गावाकडची दोन एकर, आईचं सोनं, दारातली स्कूटर सगळं आलं त्यात, आपण नुसते कारभारी. आणि लूक 16 (लूकच्या शुभवर्तमानाचा 16 वा अध्याय) मधला मालक कारभाऱ्याला बोलावून काय म्हणतो, तर हिशेब दे. म्हणून सुरुवात हिशेबानेच करायची.

एक पूर्ण महिना सगळा खर्च लिहा, वही चालेल, मोबाईलवर चालेल, पण यूपीआयने गेलेले वीस-तीस रुपयेपण लिहायचे कारण खरी गळती तिथेच असते. महिनाअखेर नवरा-बायकोने एकत्र बसून ते वाचायचं, एकमेकांपासून लपवलेलं कार्ड असेल तर तेपण त्या टेबलावर आलं पाहिजे (बायबलमधलं हनन्या आणि सप्पीरा हे जोडपंपण एकत्रच बसलं होतं म्हणा, पण ते दानाच्या पैशाबद्दल खोटं ठरवायला). बजेट त्याच्यानंतर बनवायचं. आधी नाही, आधी बनवलेलं बजेट म्हणजे नुसती इच्छा असते.

आता देणं. दशांश ग्रॉसवर की नेटवर, यावर लोक तासन्‌तास भांडतात. नवीन करारात मंडळीला (म्हणजे चर्चच्या लोकांना) टक्का ठरवून दिलेला नाही, 1 करिंथ 16 मध्ये प्रेषित पौल सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जसं मिळालं तसं त्याने बाजूला काढून ठेवावं, आणि करिंथकरांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हणतो मनात ठरवलंय तसं द्या, भाग पडलं म्हणून नाही. माझं मत विचाराल तर दहा टक्के हा आकडा सुरुवातीला चांगला, शिस्त लागते, पण तो कर समजू नका. मलाखी 3 (सगळा दशांश देवाच्या भांडारात आणा) सगळ्यांना पाठ असतं, अनुवाद या पुस्तकाचा 14 वा अध्याय मात्र कोणी काढत नाही, तिथे दशांशाचं जेवण कुटुंबासोबत आनंदाने करायला सांगितलंय आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना स्वतःची जमीन नव्हती), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. त्यामुळे सगळं पाकीट दानपेटीतच गेलं पाहिजे असं काही नाही, काही भाग मंडळीला आणि काही गल्लीतल्या एखाद्या मुलीच्या फीला दिला तरी ते देणंच आहे.

करायचं कसं, तर पगार आला त्याच दिवशी देण्याची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. महिन्याच्या शेवटी उरेल ते देऊ म्हटलं की उरतच नाही. आणि कर्ज काढून, क्रेडिट कार्डावरून दान करू नका, कोणी स्टेजवरून 'बी पेरा, शंभरपट मिळेल' म्हणत क्यूआर कोड दाखवत असेल तर सरळ बंद करा ते. शिमोन जादूगाराने पैसे देऊन देवाचं दान, म्हणजे पवित्र आत्मा देण्याची शक्ती, विकत घ्यायला बघितलं तेव्हा प्रेषित पेत्राने त्याला काय सुनावलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 8 व्या अध्यायात आहे, वाचा एकदा. आपल्या मंडळीचा हिशेब मागायलापण लाजू नका. महाराष्ट्रात चर्चचा ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल तर हिशेबाचं ऑडिट व्हावं लागतं आणि जमीन विकायला कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, वार्षिक सभेत हे विचारणं म्हणजे पाळकांचा (पास्टरांचा) अपमान नाहीये.

देण्याच्याही आधी एक गोष्ट येते खरं तर, दुसऱ्याचे पैसे. कामवाल्या ताईंचा पगार, वॉचमनचे, दूधवाल्याचे, किराण्याची उधारी. याकोब 5 मध्ये अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. रविवारी हजाराची नोट पाकिटात घालून, म्हणजे आता पाचशेच्या दोन, आणि ताईंना 'पुढच्या आठवड्यात घ्या' म्हणणाऱ्या घराला दशांशाबद्दल मी काही बोलणारच नाही.

कर्जाबद्दल. बायबल कर्ज घेणं म्हणजे पाप असं म्हणत नाही पण घेणारा देणाऱ्याचा दास होतो असं नीतिसूत्रे 22 सांगतं, आणि ज्याचा रिकव्हरी एजंटशी संबंध आलाय त्याला हे समजवावं लागत नाही. घराचं कर्ज एक वेळ ठीक, पण लग्नासाठी पर्सनल लोन, हळदीला डीजे, रिसेप्शनला हॉल आणि मग पाच वर्ष ईएमआय, ते काही ठीक नाही. सगळी कर्जं एका कागदावर व्याजदरासकट लिहा आणि सगळ्यात महाग आधी फेडा, बहुतेक वेळा ते क्रेडिट कार्डच असतं, मिनिमम ड्यू भरत बसलात तर व्याज वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात जातं. जामीन राहण्याचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला मंडळीतल्याच भावाला सही मागतात आणि नाही म्हणणं जड जातं. नीतिसूत्रे 6 म्हणतं जामीन राहिला असशील तर झोपू नको, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुटून जा. त्याची थकबाकी तुम्ही भरू शकत असाल तरच सही करा. खरंच गरज असेल तर जमेल तेवढे पैसे सरळ देऊन टाका, परत आले तर आले, नातं तरी राहील. आपसात मदत नीट बांधून करायची तर तसंही करता येतं, वसईत 1918 साली कॅथलिक लोकांनी पतपेढी काढली तिचीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली.

बचत करणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणारे भेटतात. मग उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाचं काय? मिसरात दुष्काळ येणार म्हणून सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढला त्याने, म्हणजे वीस टक्के. लूक 12 मधला श्रीमंत मूर्ख ठरला तो कोठारं बांधली म्हणून नाही, सगळं स्वतःसाठीच साठवलं म्हणून. सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत ठेवा, टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेम घ्या, घरच्यांची तजवीज न करणाऱ्याला पौल तीमथ्याला लिहिताना फार कडक शब्द वापरतो. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलापण, पण पतसंस्थेला तो नसतो, एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून रिटायरमेंटचे सगळे पैसे तिथे ठेवू नका, चेअरमन कितीही प्रार्थना करणारा असला तरी.

नाताळ तर दरवर्षी 25 डिसेंबरलाच येतो, तरी दरवर्षी डिसेंबरात उधारी होते. कपडे, केक, फराळ, कॅरलवाल्यांचं, गावाला जायचं भाडं, सगळं धरून बाराने भागा आणि जानेवारीपासून आरडी लावा.

पगार वाढला की काय करायचं हे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली या इंग्लिश उपदेशकाकडून घ्यावं. त्याच्याबद्दल सांगतात की वर्षाला 30 पौंड मिळायचे तेव्हा 28 मध्ये भागवून 2 द्यायचा आणि पुढे मिळकत 60 झाली तरी खर्च 28 च ठेवला. मुंबई-पुण्याच्या भाड्यात हे जसंच्या तसं होणार नाही, पण वाढीतला निम्मा भाग लाइफस्टाइलला लागू द्यायचा नाही एवढं तर ठरवता येतं. कपाटाचंही तेच, बाप्तिस्मा करणारा योहान दोन अंगरखेवाल्याला एक दे म्हणाला, आपण फाटकंतुटकं देतो आणि त्याला दान म्हणतो, निदान जे स्वतः घालू ते द्या.

शेवटचं काम बहुतेक ख्रिस्ती घरांत राहूनच जातं, मृत्युपत्र. आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. विल न करता माणूस गेला आणि मागे बायको-मुलं असली तर एक तृतीयांश बायकोला आणि दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान, पण म्हाताऱ्या आईबापांना काहीच नाही. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर विल केलंच पाहिजे. साध्या कागदावर होतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक आहे, केलेलं बरं. दोन साक्षीदार लागतात आणि इथेच लोक फसतात, ज्याला काही देताय त्याला किंवा त्याच्या बायकोला (तिला देताय तर तिच्या नवऱ्याला) साक्षीदार केलंत तर विल टिकतं पण त्याचा वाटा जातो. लग्नाआधी केलेलं विल लग्न झालं की रद्द होतं, तेव्हा नवीन करा. बँकेतल्या खात्याला नॉमिनी टाकलाय म्हणून तो मालक होत नाही, वारसांच्या वतीने पैसे घेणारा असतो तो. चर्चला किंवा संस्थेला काही ठेवायचं असेल तर आता अडचण नाही, पूर्वी कलम 118 मुळे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसावर बंधनं होती, ती 2003 मध्ये सुप्रीम कोर्टाने काढली. गोव्यात प्रॉपर्टी असेल तर तिथला कायदा वेगळा, मुलं असताना साधारण निम्म्यावरच तुमची मर्जी चालते, तिथल्या वकिलालाच विचारा. आणि विल कुठे ठेवलंय ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं आणि लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर ते काढायलाच घरच्यांची धावपळ होते.