मिरगात पिल्लं आणताय? थंडीची सूचना देणारा दिवा आधी लावा

मिरगाचा पाऊस लागला की कोकणात घरोघरी गिरिराज जातीची नाहीतर गावठी कोंबडीची पिल्लं येतात, आणि वीजही नेमकी त्याच दिवसांत जाते. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी केले तरी चालतं. रात्री उबेचा बल्ब विझला तर पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून थंडी वाढताच पेटेल असा तांबडा एलईडी पडवीत लावा.

तो मोबाइलच्या चार्जरवर चालवू नका. वीज गेली की बल्बाबरोबर तोही जाणार! पॉवर बँकही नको. इतक्या थोड्या करंटला बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात. रिचार्ज होणारे चार पेन्सिल सेल घ्या. त्यांचे ४.८ व्होल्ट बराच काळ टिकून राहतात.

सेलच्या प्लसपासून १० के (म्हणजे १० हजार ओहम) रेझिस्टर, पुढे १०० केचा प्रीसेट (फिरवून रोध कमीजास्त करता येतो तो), तिथून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. बेस आणि मायनस यांच्यामध्ये १० केचा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग. एमिटर मायनसला. प्लसपासून ३३० ओहम, मग एलईडी (लांब पाय प्लसकडे), मग कलेक्टर. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. १० केचा रेझिस्टर गाळू नका. प्रीसेट शून्यावर गेला तर ट्रान्झिस्टर जळेल.

गारव्यात थर्मिस्टरचा रोध वाढतो, बेसचा दाब ०.६-०.७ व्होल्टपर्यंत चढतो आणि दिवा हळूहळू उजळतो. उंदराने थर्मिस्टरची वायर तोडली तरी पेटतो, हे चांगलंच. उलट ओल शिरली तर थर्मिस्टर खोटी ऊब दाखवतो आणि दिवा विझलेलाच राहतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हाच मोठा धोका, त्यामुळे त्याच्या पायांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवून वर वॉर्निश द्या.

थर्मिस्टर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा, बल्बाखाली नको. शेजारी थर्मामीटर ठेवा, ३२ अंशांना दिवा जेमतेम दिसेल इथवर प्रीसेट फिरवा. दर आठवड्याला पुन्हा लावून घ्या. अर्थात दिवा हाक मारत नाही, रात्री एकदा उठून बघावंच लागेल.

पेटलेला दिसला तर कोळशाची शेगडी जाळीआड ठेवा, भाताच्या तुसापासून लांब, आणि खोपीची वरची झडप उघडी असू द्या.