सुट्टीतलं धुणं आणि सगळ्यांत मिळून एक मशीन

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं नाशिकहून मुंबईला गेलो आणि दादरला एका होमस्टेत आठ दिवस राहिलो. खोल्या नऊ, वॉशिंग मशीन एक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मशीन लावलं आणि तासाभरात येऊ म्हणून मुलांना घेऊन शिवाजी पार्कला गेले. तिथून मुलं चौपाटीकडे वळली, मग वडापाव झाला, मग आइस्क्रीम. परत आले तेव्हा अडीच तास उलटून गेले होते. आमचे कपडे मशीनवर एका टबात काढून ठेवलेले. आतले कपडे तळाशी, वर टॉवेल पसरलेला. टबाखाली चिठ्ठी: 'सॉरी आंटी, आधा घंटा रुके थे.' माफी मागायची मी, आणि सॉरी लिहून गेली होती शेजारच्या खोलीतली कॉलेजातली पोरगी.

लाज जास्त वाटली, कारण मी वाढले गिरगावातल्या चाळीत. मजल्यावर नळ एक, पाणी पहाटे यायचं आणि तास-दीड तासात जायचं. नंबराला माणूस नव्हे, बादली उभी असायची. आपली बादली भरली आणि आपण तिथे नसलो, तर मागची काकू ती थेंबही न सांडता बाजूला सरकवायची आणि स्वतःची लावायची. त्याचा राग कुणाला येत नसे. भरलेली बादली नळाखाली तशीच ठेवून घरात चहा पीत बसणाऱ्याची मात्र धडगत नसे. थांबलेलं मशीन म्हणजे भरलेली बादली, एवढं मी विसरले होते. आता होमस्टे, हॉस्टेल, सर्व्हिस अपार्टमेंट, कुठेही उतरले तरी पुढच्या क्रमाने जाते.

1. उतरल्या दिवशीच विचारून घ्या

मशीन कुठे आहे, किती ते किती वापरायचं, पैसे वेगळे आहेत का, साबण तिथला की आपला, कपडे वाळत कुठे घालायचे. आणि मुंबईत आणखी एक प्रश्न: पाणी कधी येतं? या शहराला भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी अशा सात तलावांचं पाणी मिळतं, पण ते इमारतीच्या टाकीत ठराविक वेळेलाच पडतं. 2024 मध्ये 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात होती. अशा दिवसांत टाकी तळाला गेलेली असताना मशीन लावलं, तर ते मधेच पाण्याची वाट बघत थांबतं आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी अंगाला साबण लावून उभं असतं. समोरून दार उघडणारं मशीन एका धुण्याला साधारण 50-60 लिटर पाणी घेतं, वरून झाकण असलेलं त्याच्या दुप्पटही घेतं. म्हणून मशीन कुठल्या प्रकारचं आहे तेही पाहून ठेवा. साबणासाठीही ते लागणारच आहे.

2. कपड्यांची तयारी खोलीत करा

मशीनपाशी उभं राहून खिसे तपासत बसलात की मागचा माणूस घड्याळ बघायला लागतो. हे काम पलंगावर बसून उरकावं.

जुहू, गिरगाव, अक्सा, कुठल्याही चौपाटीवरून आलेले कपडे आधी बाहेर झटका. मुलांच्या चड्ड्यांच्या खिशात वाळू तर असतेच, शिंपलेही असतात. वाळू ड्रममध्ये उरली की पुढच्याच्या पांढऱ्या शर्टावर जाते, आणि गाळणीत साचली की मशीन पाणी सोडायला कुरकुरतं. नाणी, पिना, लोकलची तिकिटं, टिश्यू पेपर काढा. एक टिश्यू पेपर राहिला तर काळ्या पँटवर त्याचा जो भुसा बसतो, तो झटकायला अख्खी संध्याकाळ जाते.

दुसरी गोष्ट रंगाची. मुंबईत आलेला माणूस खरेदी केल्याशिवाय राहत नाही. हिंदमाताहून घेतलेला ड्रेस, फॅशन स्ट्रीटवरचा टी-शर्ट, कुठून तरी घेतलेली गडद निळी ओढणी: असे नवे कपडे पहिल्या दोन धुण्यांना सामायिक मशीनमध्ये घालूच नयेत. कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रंग उतरला तर बादलीत वेगळं धुवा. आपले कपडे गुलाबी झाले तर आपण आपल्याशी भांडू. दुसऱ्याचे झाले तर काय सांगणार? लग्नाला आला असाल तर हळदीचे कपडेही बाजूला ठेवा. हळदीला साबण लागला की डाग लालसर होतो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. उन्हात ठेवलं की तो बराचसा उडतो.

3. नंबर लावा, जागा अडवू नका

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली सवय इथे चालत नाही. रिकाम्या मशीनवर साबणाची पिशवी ठेवून आंघोळीला निघून जाणं म्हणजे तो रुमालच. लोकलमधली रीत जास्त बरी: बसलेल्याला सरळ विचारायचं, 'कुठे उतरणार?' मशीन चालू असेल तर पडद्यावर उरलेली मिनिटं बघा आणि माणूस भेटला तर म्हणा, 'दादा, तुमचं झालं की हाक माराल का? मी सात नंबरच्या खोलीत आहे.' बहुतेक जण मारतात. भिंतीवर वेळांचा कागद लावलेला असेल तर त्यात नाव लिहा, आणि जाणार नसाल तर खोडा. सकाळी आठ ते दहा आणि रात्री जेवणानंतर गर्दी असते. दुपारी दोनला मशीन ओस पडलेलं असतं, कारण पाहुणे तेव्हा गेटवेला किंवा राणीच्या बागेत घाम गाळत असतात.

एका कुटुंबाने एका वेळी एकच धुणं लावावं. रांगेत कुणी असेल तर दुसऱ्यासाठी पुन्हा शेवटी उभं राहायचं.

4. भरताना आणि साबण घालताना

मशीनवर लिहिलेले 6 किंवा 7 किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन असतं. एक जीन्स 600-700 ग्रॅमची, मोठा टॉवेलही अर्ध्या किलोच्या पुढे. ड्रम तीन चतुर्थांश भरा. वर तळहात आडवा जाईल एवढी जागा हवी. कोंबून भरलं तर कपडे स्वच्छ होत नाहीत आणि पिळताना मशीन पुन्हा पुन्हा तोल सावरत वेळ वाढवतं.

साबणाची चूक मात्र सगळ्यांना भोवते. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये हातधुण्याची पावडर घातली की फेसच फेस होतो, मशीन जास्तीचं खंगाळत बसतं, काही वेळा अडूनही बसतं. पाकिटावर फ्रंट लोड लिहिलेली पावडर किंवा लिक्विडच घ्या, आणि कमी घ्या. साबणाच्या खणात दोन उभ्या रेघा असलेला कप्पा मुख्य धुण्याचा, फुलाचं चित्र असलेला कंडिशनरचा. उग्र वासाचं कंडिशनर भसाभसा ओतू नका. पुढच्याच्या बाळाच्या लंगोटांनाही मग तोच मोगरा.

प्रोग्रॅम निवडताना एक विचार करा. कॉटनचा गरम पाण्याचा प्रोग्रॅम दोन तासांच्या वरही जातो. दिवसभर फिरून घामेजलेल्या कपड्यांना अर्ध्या तासाचा क्विक वॉश पुरतो, फक्त कपडे थोडे घालायचे.

5. घड्याळ लावा

मोबाईलवर, मशीन संपायच्या पाच मिनिटं आधीचं. पडद्यावरच्या मिनिटांवर डोळे झाकून विसंबू नका, ती मधे वाढतात. त्या वेळात इमारतीबाहेर जायचं असेल तर खोलीत कुणाला तरी सांगून जा. चहा ठीक, सिद्धिविनायक नको. मंगळवारी तर नकोच.

6. मशीन थांबलंय आणि आत दुसऱ्याचे कपडे आहेत

इथेच सगळ्यांची पंचाईत होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

मशीन चालू असेल तर हात लावायचा नाही, बाकी दोन मिनिटं असली तरी. संपल्यावरही दाराचं कुलूप सुटायला मिनिट-दोन मिनिटं लागतात; ओढाओढ केली की हँडल हातात येतं. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात कुणाचे कपडे आहेत ते विचारा, दार ठोठवा, होमस्टेच्या माणसाला फोन करायला सांगा. कपडे काढायची वेळ शेवटी यावी.

काढायचेच झाले तर हात धुवा. स्वच्छ टब किंवा बादली घ्या. जमिनीवर नाही, धुळीच्या टपावर नाही. एकेक उचलून बघत बसायचं नाही, सगळे मिळून उचलायचे आणि वर एखादा टॉवेल येईल असं ठेवायचं. ते कपडे ड्रायरमध्ये टाकू नका. तुम्हाला उपकार वाटेल आणि कुणाचा तरी सुती कुर्ता एका मापाने लहान होईल. वाळतही घालू नका. वेळ लिहून चिठ्ठी ठेवा. ओळखीचा फोन नंबर असेल तर निरोप टाका.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. माझ्या सासूबाईंना परक्याने ओल्या कपड्यांना हात लावलेला अजिबात चालत नाही. त्यावर त्यांनीच तोड काढली: प्लास्टिकची खुर्ची घेऊन मशीनसमोर बसायच्या आणि जप करायच्या. चार दिवसांत सगळ्या खोल्यांची माहिती त्यांच्याकडे होती, सुरतेच्या कुटुंबाने मुलीचं स्थळही विचारून घेतलं.

तुमचे कपडे कुणी काढून ठेवले असतील तर थँक यू म्हणा. 'कुणी हात लावला' म्हणून जिन्यात आवाज चढवणारे एक काका मी पाहिले. त्यांचे कपडे दोन तास आत होते.

7. ड्रायर असेल तर

दर वेळी जाळीवरचा भुसा काढा. जाळी तुंबली की कपडे सुकत नाहीत, आणि साचलेल्या भुशाला आग लागायचाही धोका असतो. रेशीम, लोकर, इलॅस्टिकचे कपडे आत नकोत.

8. दोरीवरची जागा

नाशिकला मे महिन्यात शर्ट तासाभरात कडक होतो. दादरला समुद्राची दमट हवा. तोच शर्ट संध्याकाळपर्यंत ओलसर लागतो. म्हणून मशीनमध्येच चांगला पिळून घ्या. दोरीवर आपल्या खोलीचा वाटा सोडून पसरू नका. चादर दुहेरी घाला, शर्ट हँगरला लावा. चिमटे स्वतःचे न्या, दोन डझनाचं पाकीट रानडे रोडवर सहज मिळतं. खिडकीच्या ग्रिलवर निथळते कपडे टाकू नका, खालच्या मजल्यावरही कुणाचे तरी वाळतच असतात.

दुसऱ्याचे वाळलेले कपडे सरकवले तर चिमट्यासकट सरकवा. हात न लावायच्या नियमाला एकच अपवाद, तो चाळीतून आलेला: सर आली की दोरीवरचे सगळ्यांचेच कपडे काढायचे. कुणाचे आहेत ते नंतर. जून ते सप्टेंबर मुंबईत असाल तर हे रोजचंच होतं, आणि तेव्हा रात्री खोलीतला पंखा हाच खरा ड्रायर.

9. रात्री

दहानंतर लावू नका. पिळताना मशीन अख्ख्या मजल्याला हलवतं.

10. रांग फारच मोठी असेल तर

लाँड्रीत द्या, किलोवर घेणाऱ्या बऱ्याच आहेत. जीन्स, चादरी, टॉवेल तिकडे आणि रोजचे हलके कपडे मशीनमध्ये अशी वाटणी आम्ही शेवटी केली. इस्त्री तर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडेच. मुलांना एक दिवस महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावरून धोबीघाट दाखवला. 1890 च्या सुमारापासून तिथे कपडे धुतले जातायत, काँक्रीटच्या हौदांच्या रांगाच्या रांगा. मुलीचा पहिला प्रश्न: 'एवढ्यात कुणाचं काय ते कसं कळतं?' धोबी कपड्यावर खूण करतात. त्यावरून आम्हीही आमच्या काळ्या मोज्यांना लाल दोऱ्याचा टाका घातला. सामायिक मशीनमध्ये काळे मोजे सगळ्यांचे सारखेच.

11. निघायच्या दिवशी

दाराच्या रबरी कडेची घडी बोटाने उलटून बघा, लहान कपडे तिथेच अडकतात. तिथलं पाणी पुसून दार जरा उघडं ठेवा, नाहीतर पुढच्याला कुबट वास. साबण उरला असेल तर पाकिटावर 'कोणीही वापरा' लिहून ठेवा.

आम्हाला त्या घडीत दोन मोजे सापडले. एकावर लाल टाका होता. दुसरा खिडकीजवळच्या खुंटीला चिमट्याने लावला आणि टॅक्सी बोलावली.