डोमेन चार, मेल सर्व्हर एक

कोथरूडच्या फ्लॅटमधल्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालवायचा बेत असेल तर सोडून द्या. आयपी बदलता असतो आणि पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट) बहुतेकदा बंद. सरळ स्थिर आयपीचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, पण पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) बदलता येतो ना, हे पैसे भरण्याआधी विचारा.

दुकान, क्लास, सोसायटी अशी तीन-चार डोमेन असली की प्रत्येकाला वेगळा पीटीआर हवा असं वाटतं. नको. सर्व्हरला एकच नाव द्या. पीटीआर, ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) आणि पोस्टफिक्स या मेल प्रोग्रॅमचं होस्टनेम तिन्हीकडे तेच. सगळ्या डोमेनचे एमएक्स (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे जाते ती नोंद) त्याच नावाकडे वळवा, म्हणजे सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेटही एकच पुरतं.

एसपीएफ (डोमेनची मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं) या नोंदी मात्र डोमेनागणिक वेगळ्या. खरी गोची डीकेआयएममध्ये: सही तपासायची २०४८ बिटची ‘की’ (किल्ली) टीएक्सटी रेकॉर्डच्या, म्हणजे मजकूर ठेवायच्या नोंदीच्या, २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. काही डीएनएस पॅनल (डोमेनच्या या नोंदी भरायची पानं) ती आपणहून तोडतात, काहींत अवतरणचिन्हं घालून दोन तुकडे आपल्यालाच करावे लागतात. मधे एक जागा जास्त पडली तरी चालते, फक्त ती अवतरणाबाहेर हवी.

मग प्रत्येक डोमेनवरून जीमेलला एक मेल टाका आणि ‘शो ओरिजिनल’मध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ आहे का बघा.