ज्वालामुखीच्या बेटावर वाळूचा बीच कसा शोधायचा

तेनेरिफे (स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक), मदेइरा (पोर्तुगालचं), हवाई असल्या बेटावर जायचं ठरलं असेल तर हॉटेल बुक करायच्या आधी नकाशा उघडून बसा. "बीच पाच मिनिटांवर" लिहिलेलं असतं पण तो बीच म्हणजे नुसते गोटे असू शकतात, आमचं पहिल्या वेळी तेच झालं, पोरांना पाय ठेवायला जागा नाही आणि लाट आली की गोटे खडखड करत पायावर यायचे.

आधी बेटाचं वय बघा. नवीन लाव्हा असेल तिथे कडे थेट समुद्रात उतरतात, वाळू साठायला वेळच मिळालेला नसतो. कॅनरी बेटांत सगळ्यात जुनं फुएर्तेव्हेन्तुरा, म्हणून तिथे लांबच लांब पुळणी, कोरालेहोला तर वाळूच्या टेकड्याच आहेत आणि ती फिकट वाळू बरीचशी शिंपल्यांचा चुरा आहे, लाव्ह्याची नाही. हवाईत पण तसंच, कवाई जुनं तिथे वाळू भरपूर, बिग आयलंड नवं तिथे शोधावी लागते.

मग सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि फेसाच्या पांढऱ्या रेषेला लागून जमिनीच्या बाजूला झूम करा. एकसारखा गुळगुळीत पट्टा दिसला तर बहुतेक वाळू, ठिपके ठिपके खरबरीत दिसलं तर गोटे. ओढा समुद्राला मिळतो ती जागा आणि आत वळलेला, लाटांपासून आडोशाचा कोपरा आधी बघा. पट्टा काळा आहे म्हणून सोडून देऊ नका, काळी वाळू पण मऊच असते, ओली मुठीत घेतली की बारीक कण चमकतात, मला तर तीच जास्त आवडते. फक्त दुपारी जाम तापते, चपला हव्यातच.

रिव्ह्यूत हे शब्द शोधा: स्पॅनिश "आरेना" म्हणजे वाळू आणि कॅनरीत "कायाओ" म्हणजे गोटे, पोर्तुगीजमध्ये "अरेया" आणि "कल्याऊ". फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते पण बघाच, कारण हिवाळ्याच्या मोठ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि उन्हाळ्यात ती परत येते, म्हणजे ऑगस्टचा फोटो बघून जानेवारीत गेलात तर खाली खडक उघडे पडलेले असू शकतात. काही ठिकाणी भरतीला पुळण दिसतच नाही, ओहोटीची वेळ काढून जा.

लहान मुलं असतील तर मी सरळ आणलेल्या वाळूचे बीच सुचवेन. तेनेरिफेच्या लास तेरेसितासला 1970 च्या दशकात सहारातून वाळू आणून टाकली, समोर दगडी बांध आहे त्यामुळे पाणी एकदम शांत. मदेइरात कल्येतालाही वाळू मोरोक्कोतून आणलीय. आणि मदेइरात असाल, एक दिवस हातात असेल तर तिथल्या फुंशाल शहरातून फेरीने शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर जा, साधारण अडीच तास लागतात, पण पुढे 9 किलोमीटर नुसती सोनेरी पुळण.